पाठीवर तीन बदकं

माणसं सदऱ्याची सुलट बाजू बघतात आणि पुढे जातात. म्हणून मी माझी ओळख उलट्या बाजूकडून करून देतो.

मी एक सदरा आहे. बाहेरून लाल, आतून मैद्याच्या पोत्याचा. माझ्या आतल्या पाठीवर तीन बदकं एकामागे एक चाललेली आहेत आणि त्यांच्या पायांखाली ठळक छापलं आहे, ‘उत्तम दर्जाचा मैदा. निव्वळ वजन २५ किलो.’ बारा वर्षं ही बदकं माझ्या मालकाच्या पाठीला चिकटून डोंगर चढली आणि उतरली. डोंगर त्यांनी कधी पाहिला नाही. या ऑगस्टात एका गुरुवारी ती पहिल्यांदा उजेडात आली आणि दोन धडधाकट वाटाड्यांची बोबडी वळली. ते ओघाने येईलच.

माझा जन्म कामिगिन बेटावरच्या लुयांग वस्तीत झाला. डोंगराची वाट जिथे सुरू होते तिथे नारळाच्या झाडांखाली एक शिवणयंत्र आहे. त्यामागे बसणारी बासिलिसा माझी आई. वस्ती तिला बासिंग म्हणते. ऑक्टोबरात लान्सोनेस फळांचा सण असतो. त्यात नाचणाऱ्या बायकांचे घागरे शिवून जे लाल कापड उरलं, त्यातून तिने मला बेतलं. म्हणजे मी निघालो होतो नाचायला आणि नशिबात आला डोंगर.

लाल यासाठी, की धुक्यात नवरा दुरून दिसावा. आतून अस्तर यासाठी, की वर थंडी असते. अस्तराला पोती आली तिच्या नणंदेच्या बेकरीतून. बदकं धुऊन निघतील असं नणंद म्हणाली होती. ती निघाली नाहीत. उलट प्रत्येक धुण्यात लाल रंग फिका होत गेला आणि बदकं ताजीतवानी होत गेली.

बासिंगने मला ऐसपैस शिवलं. नवरा चाळिशीनंतर अंग धरेल असा तिचा हिशेब होता. नवऱ्याने धरलं नाही, तिने धरलं. त्यामुळे मालकाच्या अंगावर मी शिडासारखा फडफडायचो.

मालकाचं नाव तेओपिस्तो. सगळे पिस्तो म्हणायचे. तीस वर्षं तो या वाटेवर वाटाड्या होता, आणि तीस वर्षांत तो एकदाही वाट चुकला नाही. बोलण्यात मात्र तो सरळ वाटेने कधी गेला नाही. अर्ध्या चढावर एक झरा आहे. त्याचं पाणी प्यायलं की माणूस दिवसभर खरंच बोलतो, असं तो पर्यटकांना सांगायचा. स्वतः मात्र पाण्याची बाटली घरून न्यायचा. एका थोरल्या पाद्र्याला आपण खांद्यावरून शिखरावर नेलं, अशीही एक गोष्ट होती. पहिल्या वर्षी त्यातला पाद्री बारीक होता. मी जुना होईपर्यंत तो चांगला शंभर किलोंचा झाला होता.

वाट फार शांत आहे. खाली नारळ, मग केळीसारख्या अबाकाची रुंद पानं, मग माणसाहून उंच नेचे, आणि शेवटी शेवाळाचं रान. तिथे दगड, फांद्या, मुळं सगळ्यांनी एकच हिरवं कापड अंगावर घेतलेलं असतं. पक्षीसुद्धा दोन वाक्यांत बोलणं आटपतो. तिथे पोचल्यावर पिस्तोही गप्प व्हायचा. पर्यटकांना थोडं पुढे एका खडकावर बसवायचा आणि स्वतः वाट सोडून पंधरा-वीस पावलं आत जायचा.

आत त्याचं झाड होतं.

हे झाड वस्तीत प्रसिद्ध होतं, कारण ते पाहिलं असं कुणी म्हणत नव्हतं. लग्नाच्या दहाव्या वर्षी पिस्तोने बायकोला सांगितलं, “वर तुझ्या नावाने लान्सोनेसचं रोप लावलंय.” वस्ती हसली. लान्सोनेस खालच्या उबदार बागांतलं झाड. त्या थंडीत, त्या धुक्यात ते जगणार कसं? पण पिस्तो मागे हटला नाही. दरवर्षी बासिंग शिवता शिवता विचारायची, “काय म्हणतंय तुमचं झाड?”

“वाढतंय. तू येऊन बघ.”

“फळं किती लागली?”

“तू येऊन बघ.”

एका वर्षी घागरे होते, एका वर्षी गुडघा होता, एका वर्षी वादळ होतं. ती म्हणायची, “पुढच्या वर्षी.” शेवटच्या वर्षी तिने विचारलं, “केवढं झालंय?” तो म्हणाला, “तुझ्याएवढं.” ती म्हणाली, “आडवं की उभं?” आणि दोघं पुष्कळ वेळ हसत बसली.

झाड खरं होतं की नाही, हे मला कुणी विचारलं नाही. सदऱ्याला कोण विचारतं? पण मी त्या झाडावर वाळलेलो आहे. एवढंसं झाड. पिस्तो मला त्यावर पसरायचा तेव्हा झाड पूर्ण दिसेनासं व्हायचं. तो शेजारच्या सपाट दगडावर बसायचा, माझ्या आतून काहीतरी काढून खायचा, आणि मग एक चमत्कारिक गोष्ट करायचा. हाताचा पंजा आडवा आपल्या कानाशी धरायचा आणि तसाच सरळ झाडाच्या शेंड्यापर्यंत न्यायचा. पंजा शेंड्याच्या किती वर राहतो ते बघायचा. मला वाटायचं, माशा वारतोय. शेवटच्या वर्षी पंजा बरोबर शेंड्याला टेकला तेव्हा तो एकटाच हसला. तेव्हाही मी माशाच समजलो.

मागच्या ऑगस्टात एका सकाळी त्याने मला अंगात घालायला हात उचलले. एक हात बाहीत गेला. दुसरा गेला नाही.

त्यानंतर वर्षभर मी दाराजवळच्या खिळ्यावर होतो. बासिंगने मला धुतलं नाही. कधीतरी दुपारी यंत्र थांबवून ती यायची, माझी कॉलर सरळ करायची आणि परत जायची. कॉलर सरळच असायची.

आमच्याकडे वर्ष पुरं झालं की काळे कपडे उतरवतात. प्रार्थना होते, जेवण होतं आणि गेलेल्याचे कपडे नातलगांत वाटले जातात. तो दिवस शनिवारी येणार होता. मी खिळ्यावरून नातलगांची मापं काढत होतो. एकाचंही धड बसत नव्हतं.

गुरुवारी सकाळी बासिंगने मला खिळ्यावरून काढलं आणि काळ्या झग्यावर चढवलं. पहिली चार बटणं लागली. पाचव्याने प्रयत्न केला. तेवढ्यात दारात नणंद उभी राहिली.

ही गाउदेन्सिया. पिस्तोची थोरली बहीण, वय सदुसष्ट. बेकरी तिची. तिथले पास्तेल, म्हणजे आत पिवळं गोड सारण असलेले पाव, बेटावर नाव राखून आहेत. तिची जीभही.

“काळ्यावर लाल?” ती म्हणाली. “शनिवारी उतरणारच आहेत काळे. दोन दिवस दम निघत नाही?”

“मानांग,” बासिंग म्हणाली. (थोरल्या बाईला आमच्याकडे मानांग म्हणतात, थोरल्या पुरुषाला मानोंग.) “शनिवारी त्याचं सगळं वाटायचंय. त्याआधी मला ते झाड बघायचंय.”

“कुठलं झाड? अगं, तो माझा भाऊ. सात वर्षांचा असताना त्याने आईला सांगितलं होतं, कोंबडीने अंडं दिलं होतं पण परत घेतलं.”

“तेच बघायचंय. तीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एक तरी गोष्ट खरी बोलला का. शनिवारी सगळे त्याच्याबद्दल चांगलं बोलतील. मला मान हलवावी लागेल. ती खोटी हलवायची नाहीये मला.”

गाउदेन्सियाने हातांचं पीठ झटकलं. “वाटाड्या कोण?”

“पिस्तोच्या बायकोने वाटाड्या करायचा?”

“तेही खरं. थांब, बेकरीला कुलूप लावून येते.”

“तुम्ही कशाला?”

“तू पडलीस तर खाली येऊन सांगणार कोण?”

अशा रीतीने आम्ही निघालो. एक विधवा, एक नणंद, एक पिशवी, एक छत्री आणि मी. इतकी वर्षं शिडासारखा फडफडलेला मी आता ढोलावरच्या कातड्यासारखा ताणला गेलो होतो. बासिंगने श्वास घेतला की माझं तिसरं बटण देवाचं नाव घ्यायचं.

वाट शांत होती असं मी म्हटलं. त्या दिवशी नव्हती. गाउदेन्सियाने कुणाच्या तरी सुनेची हकिकत नारळांत सुरू केली ती नेच्यांपर्यंत पुरली. नेचे सुरू होतात तिथे एक जुनं, मोठं, पारंब्यांचं झाड आहे. त्या रानात काही जण राहतात. त्यांना नाव घेऊन कुणी बोलवत नाही. ‘जे आपल्यासारखे नाहीत ते’, एवढंच म्हणतात. त्यांच्या दारावरून जाताना बोलून जायचं असतं. पिस्तो तिथे टोपी काढायचा आणि म्हणायचा, “आजोबा, जरा बाजूने जातो हं.” त्या दिवशी ते म्हणायच्या जागी नेमकी सून सासूला उलट बोलली. दोघी तशाच पुढे गेल्या. मला घाम फुटला. अर्थात तो बासिंगचा होता.

शेवाळाच्या रानात धुकं उतरलं. जुनी वाट पावसाळ्यात खचली होती आणि नवी अजून पक्की मळली नव्हती. दोघी चालत राहिल्या आणि एका ठिकाणी पोचल्या. दुभंगलेला खडक, एक सपाट दगड आणि त्याला लागून एक बुटकं झुडूप.

तेच झाड. तेच झाड होतं ते. मी बटणांशी ताण देऊन पाहिलं, कॉलर उभी केली. काही उपयोग झाला नाही. बासिंगने झुडपावर छत्री अडकवली. गाउदेन्सियाने दगडावर पिशवी ठेवली. दोघी उभ्या उभ्या पाणी प्यायल्या.

“तो म्हणायचा, खडकाजवळ आहे,” बासिंग वर बघत म्हणाली. “उंच काही दिसतं का?”

“धुकं दिसतं.”

छत्री निघाली, पिशवी निघाली, आम्ही पुढे गेलो. अर्ध्या तासाने पुन्हा तोच खडक. पुन्हा छत्री झाडावर, पुन्हा पिशवी दगडावर. या वेळी गाउदेन्सियाने चिखलाचे हात झाडाच्या पानांना पुसले. पिस्तोने प्रत्येक पान हाताने पुसलेलं मी पाहिलं होतं. मी दुसरीकडे बघितलं.

तिसऱ्यांदा आलो तेव्हाही छत्री झाडावर आणि पिशवी दगडावर गेली. पावसाची भुरभुर होती आणि जळवा पायांवर चढू लागल्या होत्या. त्या हाकलायला बासिंगने हात लांब केला आणि झाडाची एक डहाळी मोडली. कट्‌ असा बारीक आवाज झाला. वीस वर्षांत त्या झाडाला जेमतेम आठ डहाळ्या फुटल्या होत्या.

“हा खडक आपण आधी पाहिलाय,” ती म्हणाली.

“तीनदा,” गाउदेन्सिया म्हणाली. तिचा आवाज उतरला होता, आणि धाकटीला लाडाने म्हणायचं ते ‘दाय’ तिच्या तोंडी आलं. “दाय, मोठ्या झाडापाशी तू परवानगी घेतलीस ना?”

“मला वाटलं तुम्ही घेतलीत.”

“मी बोलत होते.”

“तुम्ही बोलत होता म्हणूनच मला वाटलं.”

दोघींनी इकडेतिकडे पाहिलं. मग गाउदेन्सिया कुजबुजली, “त्यांनी फिरवलंय आपल्याला. सदरा उलटा कर.”

आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं. रानात त्यांनी चकवलं की अंगावरचं कापड उलटं करून घालायचं. मग ते ओळखत नाहीत, नाद सोडतात, वाट सापडते. गाउदेन्सियाने पाठमोरं होऊन आपला फुलांचा झंपर उलटा केला. फुलं आत गेली, फिकट पाठ आणि शिवणी बाहेर आल्या.

बासिंग तशीच उभी राहिली.

“अगं, कर ना.”

“नको.”

“का?”

“आतली बाजू त्याची आहे.”

गाउदेन्सियाने पुढे केलेला हात मागे घेतला. 

“धुतला नाहीये मी,” बासिंग म्हणाली. “आत्ता भिजला तर गेलं सगळं.”

पाऊस पानांवर पडत होता. नणंदेने झंपराच्या टोकाने नाक पुसलं, आधी तिचं, मग स्वतःचं. “दाय,” ती हळूच म्हणाली, “वासाने वाट सापडत असती तर आपण केव्हाच पोचलो असतो. काढ.”

बासिंगने मला काढलं. बाह्या ओढल्या, पाठ उलटली, आणि बारा वर्षं अंधारात चाललेली तीन बदकं डोंगरावर उभी राहिली. तिने मला परत अंगात घातलं. आता माझी लाल बाजू तिच्या अंगाला होती आणि पिस्तोची बाजू पावसात. वास गेला. मला तो जाताना कळला. पण त्याबद्दल मी एवढंच सांगेन.

बटणं लावताना तिचा हात छातीपाशी थांबला.

“हे कुणी शिवलं?”

डाव्या बाजूला, अस्तरावर, एक खिसा होता. मासे धरायच्या दोऱ्याने घातलेले, एक इथे एक तिथे असे टाके. तिच्यातली शिंपीण आधी दुखावली. “हे टाके आहेत? ही काय पोत्याची शिवण आहे?”

“आहे तर पोतंच ते,” नणंद म्हणाली, आणि उगाचच खडकाकडे बघू लागली.

बासिंगने खिशात बोटं घातली आणि घडी घातलेला तेलकट कागद काढला. कागद तिने लगेच ओळखला. “मानांग, हा तुमच्या बेकरीचा आहे.”

“बेटावर सगळीकडे जातात माझे पास्तेल.”

“त्याला साखर होती. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? तुम्ही माझ्याशेजारी बसला होता.”

“मी कशाला देईन? तो म्हणायचा, वरच्यांसाठी नेतो. जे आपल्यासारखे नाहीत ना, त्यांच्यासाठी. झाडाची राखण करतात म्हणे. मग मी नाही कसं म्हणू? दर फेरीला दोन न्यायचा. एक त्यांना आणि एक...”

“एक?”

“दुसराही त्यांनाच.”

“पास्तेल खाणारे हे वरचे, त्यांचे टाके असे असतात का?”

आवाज चढले. बासिंगच्या हातात पुन्हा ती मोडलेली डहाळी आली. त्या रानात एवढा आवाज हा डोंगर ज्वालामुखी म्हणून जागा होता तेव्हाच झाला असेल.

आता खाली काय झालं होतं ते सांगतो. बेकरी बंद, हे मोठ्या वादळानंतर पहिल्यांदाच घडलं होतं. दुपारपर्यंत साऱ्या वस्तीला काळजी लागली. वाटेच्या तोंडाशी नारळ सोलणाऱ्या बाईने सांगितलं, दोघी वर गेल्या, एकीच्या अंगात पिस्तोचा लाल सदरा होता. मग वेनांसियो निघाला. हा वाटाड्यांतला आता सगळ्यांत जुना, पिस्तोच्या हाताखाली शिकलेला. बरोबर हुनरेल, तीन पोरांचा बाप, अंगाने रेड्यासारखा. दोघं लाल रंग शोधत वर आले.

लाल रंग दिसला नाही. धुक्यात त्यांना दोन फिकट आकृत्या दिसल्या. एक रुंद, पांढुरकी, पाठमोरी. तिच्या पाठीवरून तीन बदकं चालली होती. दुसरी तिच्याभोवती हातवारे करत होती. आणि दोघी गोड खाण्यावरून भांडत होत्या. ‘वरच्यांना एक, वरच्यांना दुसरा’ असे शब्द ऐकू येत होते.

 वेनांसियो आणि हुनरेलने आपापले सदरे काढले, उलटे केले आणि परत घातले.

मग वेनांसियोने धुक्यात हात जोडले. “आज्यांनो, आम्ही जरा बाजूने जातो हं. काही चुकलं असलं तर पोटात घाला.”

भांडण थांबलं. दोघींनी वळून पाहिलं. धुक्यात दोन उंच आकृत्या, दोघांच्या शिवणी बाहेर, गळ्यामागच्या मापाच्या चिठ्ठ्या हनुवटीखाली लोंबणाऱ्या. घाईत त्यांनी सदरे उलटे केलेच होते, शिवाय मागचे पुढे घातले होते.

“बघितलंस?” गाउदेन्सिया कुजबुजली. “घेतली नाहीस परवानगी.” मग ती मोठ्याने, सणासुदीच्या आवाजात म्हणाली, “जा हो, तुम्ही आधी जा.”

“छे छे. तुम्ही आधी.”

“असं कसं? तुम्ही इथले. आम्ही आपल्या पाहुण्या.”

“आम्ही कसले इथले? इथल्या तुम्ही.”

कुणीच हललं नाही. पाऊस पडत राहिला. मी सगळ्यांना ओळखत होतो, पण ओळख करून देण्याची पद्धत सदऱ्यांत नाही.

शेवटी वेनांसियोने धीर केला. समोरची मंडळी चांगल्या वळणाची आहेत असं त्याला दिसलं होतं. “आज्यांनो, एक विचारू का? आमच्या दोन बायका हरवल्यात. एक जाडी आहे, लाल सदऱ्यातली. स्वभावाने गरीब. दुसरीच्या तोंडाला लगाम नाही. तुम्ही नेल्या असतील तर जाडी तेवढी परत द्या.”

“आणि दुसरी?” धुक्यातून प्रश्न आला.

वेनांसियोने विचार केला. “दुसरी तुम्हाला झेपत असेल तर ठेवा.”

“वेनांसियो,” धुकं म्हणालं, “उद्यापासून तुला पाव नाही.”

माणूस किती प्रकारांनी ओळखता येतो ते मी तेव्हा पाहिलं. हुनरेल मट्‌कन खाली बसला. मग चौघं जवळ आले, एकमेकांच्या उलट्या कपड्यांकडे बघितलं आणि कुणी कुणाला हसायचं ते ठरेपर्यंत थोडा वेळ गेला.

“पण मानांग बासिंग, ही बदकं?” वेनांसियोने विचारलं.

“ही त्याची आतली बाजू.”

वेनांसियोने टोपी काढली. मग त्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. “झाड बघायलाच आलात ना?”

“हो. नाहीये ते, होय ना? खरं सांग.”

“मग त्याची डहाळी कशी आली तुमच्या हातात?”

बासिंगने डहाळीकडे पाहिलं. मग त्या झुडपाकडे. मोडल्या जागी अजून ओलं पांढरं दिसत होतं. छत्री त्यावर लटकत होती. तिने आधी छत्री काढली. मग वाकून गाउदेन्सियाने पुसलेला चिखल एकेका पानावरून बोटाने काढू लागली.

“लान्सोनेसच आहे,” वेनांसियो म्हणाला. “इथे फळ धरत नाही. वाढतही नाही धड. मानोंग पिस्तोने जगवलं म्हणून जगलं. तो गेल्यावर आम्ही आडोसा करतो, वादळ आलं की. तुम्हाला सांगायचं नाही असं त्याने बजावलं होतं. म्हणायचा, तिला येऊन बघू दे.”

बासिंग झाडाजवळ ताठ उभी राहिली. शेंडा तिच्या कमरेच्या थोडा वर लागला.

“तुझ्याएवढं झालंय म्हणाला होता ना?” गाउदेन्सियाने विचारलं.

“माझ्याएवढं म्हणाला होता.”

 हुनरेलने आपल्या चिठ्ठीशी चाळा केला. मला वाटलं, आता शनिवारी ही मान हलवणार नाही. एवढ्या चढावर आणून त्याने निम्मंच खरं ठेवलं.

“गुडघा बोलायला लागला माझा,” बासिंग म्हणाली. “पिशवी काढा तेवढी.”

गाउदेन्सियाने दगडावरची पिशवी उचलली. बासिंग दगडावर बसली. बसली आणि बाजूला बघितलं. झाडाचा शेंडा तिच्या डोक्याशी होता. बरोबर तिच्या डोक्याशी. एक पान पावसाने हलत होतं ते तिच्या भांगाला लागत होतं.

ती पिस्तोशेजारी बसली की तिचं डोकं त्याच्या कानापर्यंत यायचं. घरच्या बाकावर दोघं शेजारी बसायची ते मी रोज पाहिलं होतं. आणि तरी मी माशा समजत राहिलो. इथवर आल्यावर तिचा गुडघा बोलेल आणि ती बसेलच, हे त्याने गृहीत धरलं होतं. दगडसुद्धा त्यानेच आणून ठेवला असणार.

तिने ते पान तसंच भांगाला लागू दिलं. मग म्हणाली, “माझ्याएवढंच आहे.”

गाउदेन्सियाने पिशवीतून दोन पास्तेल काढले. एक तिला दिला. दुसरा झाडाच्या बुंध्याशी ठेवून म्हणाली, “हा वरच्यांना. बघू आता कोण खातं.”

शनिवारी प्रार्थना झाली. काळे कपडे उतरले. लोक पिस्तोबद्दल पुष्कळ चांगलं बोलले, आणि तो पाद्र्याला खांद्यावर घेऊन गेल्याचं कुणीतरी सांगितलं तेव्हाही बासिंगने मान हलवली. विजारी पुतण्यांत गेल्या, टोपी वेनांसियोला मिळाली. माझ्यावरही एकाने हात ठेवला होता. तेव्हा गाउदेन्सिया म्हणाली, “त्यातलं पोतं माझं आहे. ते मी देत नाही.” झालं.

मला धुतलं आहे. आता मला साबणाचा वास येतो, आणि खिशाजवळ थोडा पास्तेलचा. तो खिसा बासिंगने उसवला नाही. एवढी शिंपीण असून ते टाके तिने तसेच ठेवले. महिन्यातून एकदा ती मला घालते, आणि आता मुळातच उलटा घालते. लाल रंग आत असतो. पाचवं बटण अजून लागत नाही, पण आमचं दोघांचं त्याबद्दल काही म्हणणं नाही. मोठ्या झाडापाशी ती न विसरता म्हणते, “आजोबा, जरा बाजूने जातो हं.” नणंद सोबत असली तर तीही म्हणते, पण आधी वाक्य पुरं करते.

तुम्ही कधी त्या वाटेने आलात आणि धुक्यात तीन बदकं वर चढताना दिसली, तर पळू नका. वाट द्या, किंवा मागा. आणि शेवाळाच्या रानात एखाद्या सपाट दगडाशेजारी एक बुटकं झाड दिसलं, तर त्यावर छत्री अडकवू नका, डहाळी मोडू नका. आधी दगडावर बसा. उभ्याने त्याची उंची कळत नाही.